घरची माणसं मागून

१

संक्रांत झाली, कापूस घराबाहेर पडला, की वऱ्हाडातल्या बऱ्या चालत्या घरच्या माणसाच्या पायाला भिंगरी लागते. आधी ही मंडळी जत्रेला जात, नाही तर लेकीच्या गावी जाऊन चार दिवस तिच्या सासऱ्याचं डोकं खात. त्यांना किल्ले बघायची सवय लावली ती अकोल्याच्या वामनराव गावंड्यांनी.

वामनराव आधी शाळेत इतिहास शिकवायचे. बोलायला असा माणूस, की ऐकणाऱ्याच्या हातातला चहा निवून जावा. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी नोकरी सोडून गावंडे सहल मंडळ काढलं. एक भाड्याची मोटार, पिठाचे डबे, नत्थुजी आचारी, आणि पुढच्या सीटवर गळ्यात मफलर गुंडाळलेले वामनराव. लोक त्यांना अजून गुरुजीच म्हणत. इतिहासाला थोडं तिखटमीठ लावल्याशिवाय तो घशाखाली उतरत नाही हे त्यांना शाळेतच कळलं होतं, आणि तिखटमिठाची त्यांच्याकडे कधी कमी नव्हती.

मंडळाची एक रीत होती. मोटारीत बसताना डोकी मोजायची नाहीत. जित्या माणसांची मोजदाद करू नये असं जुन्या बायकांचं म्हणणं, आणि गुरुजी बायकांशी वाद घालत नसत. ते गावाचं नाव घ्यायचे. "तेल्हारा?" की तेल्हाऱ्यातला वडीलधारा आपली माणसं बघून सांगायचा, "आले." "धामणगाव?" "आले." "रिद्धपूर?" "आले." मग नत्थुजी चढायचा, आणि सगळ्यात शेवटी गुरुजी. अकोल्याचं नाव कधी घेतलंच जायचं नाही, कारण अकोल्याचे ते यजमान. पंगतीत जशी घरची माणसं मागून बसतात तशी ती इथंही मागून चढायची. ही रीत गुरुजींच्या वडलांची, रामरावांची. लग्नाचे पाहुणे आले की ते छकडे असेच भरायचे.

बासष्ट सालच्या माघात अठरा माणसं निघाली. महाराष्ट्र होऊन पावणेदोन वर्षं झाली होती, तेव्हा समुद्रातले किल्लेही आता आपलेच म्हणून गुरुजींनी यंदा बेत वाढवला होता. पहिल्यांदा नरनाळा, मग गाविलगड, मग रेल्वेनं मुंबई, आणि आगबोटीनं खाली कोकणात एका बेटावरच्या किल्ल्यापर्यंत. बारा दिवसांची सहल.

सकाळी मोटार निघायच्या वेळी गुरुजींची आई गोदाबाई गाठोडं घेऊन उभी. सहासष्टीची बाई, अंगानं काटक. हातात फिरकीच्या झाकणाचा तांब्या.

"माय, तू कुठी निघाली?"

"तुमच्यासंग."

"बारा दिवसाचं हाय. गड चढा लागते."

"चढीन."

नऊ वर्षांत तिनं कधी सहलीत पाऊल ठेवलं नव्हतं. आणि नरनाळ्याचं तर नाव घरात तेहतीस वर्षं निघालं नव्हतं. तिला नको म्हणावं असं गुरुजींना वाटलं. पण अठरा माणसांसमोर आईला उतरवणार कसं? त्यांनी तिचं गाठोडं वर टाकलं आणि गावांची नावं घ्यायला सुरुवात केली.

२

नरनाळ्याच्या एका दरवाज्याच्या आत पहारेकऱ्यांची देवडी आहे. म्हणजे भिंतीत घेतलेली दगडी खोली, आत मागच्या भिंतीला लागून बसायला दगडी ओटा, पुढं उंबरा. चढून चढून घामेघूम झालेली माणसं तिथं सावलीला टेकतात. तिथंच गुरुजी दर वर्षी त्या पोरीची गोष्ट सांगत.

गोष्ट त्यांनीच रचलेली. किल्लेदाराची सहा वर्षांची लेक होती. गडाला वेढा पडला. पोर तहानेली झाली, तेव्हा भावानं तिला या देवडीत बसवलं आणि पाणी आणतो म्हणून गेला. वाटेत शत्रू आडवा आला. भाऊ लढला आणि पडला. पोरगी अजून वाट बघत बसली आहे. म्हणून इथं येणाऱ्यानं उंबऱ्यावर घोटभर पाणी ओतावं. पहिल्या वर्षी हे त्यांच्या तोंडून असंच निघून गेलं होतं. बायका रडल्या, पुरुषांनी घसे खाकरले, आणि पुढच्या वर्षी लोक आपणहून पाणी घेऊन आले. मग गाविलगडाच्या देवडीतही तीच गोष्ट सुरू झाली. कोण विचारायला बसलंय?

पण यंदा आई समोर होती. गुरुजी म्हणाले, "घसा बसला माझा. चला, वर जाऊ."

"अस्सं कसं?" तेल्हाऱ्याचे पुंजाजी म्हणाले. पुंजाजी चौथ्यांदा आले होते. पिळदार मिशांचा, सांगितलेलं लक्षात ठेवणारा कास्तकार. "पोट्टीची गोष्ट राहिली ना. तुमी बसा गुरुजी, मी सांगतो."

आणि त्यांनी सांगितली, शब्दाला शब्द. धामणगावच्या मनकर्णाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. गोदाबाई उंबऱ्याशी उभी राहून ऐकत होती. तोंडावर काही नाही.

"अन् बिचारीच्या एकाच पायात तोरडी होती," पुंजाजी म्हणाले. "घुंगराची. डाव्या."

गुरुजींनी मान वर केली. "हे कोनं सांगतलं तुमाले?"

"कोनं म्हन्जे? तुमीच. मागच्या साली का त्याच्या मागच्या."

गुरुजींनी हे कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं नव्हतं असं त्यांना वाटत होतं. पण बोलायच्या भरात माणूस काय काय बोलून जातो, नऊ वर्षांत किती वेळा तीच गोष्ट सांगितली, एखादे वेळी निघालं असेल तोंडून. असंच झालं असणार. त्यांनी स्वतःची समजूत घातली.

सगळे पाणी ओतून वर निघाले. मागं राहिलेल्या गुरुजींची नजर ओट्यावर गेली. ओट्यावर वटवाघळांची घाण आणि बोटभर धूळ. सहलीतलं कोणी तिथं टेकलं नव्हतं, पुढच्या पायऱ्यांवरच सगळे बसले होते. पण मागच्या कोपऱ्यात दीड वीतभर जागा लख्ख होती. कोणी रोज बसावं आणि बसून बसून दगड पुसला जावा, अशी. गुराखी बसत असेल, गुरुजी मनात म्हणाले. मग त्यांनी आपल्या हातानं ती जागा मापली. कुठल्याही गुराख्याला ती पुरली नसती.

३

आता खरं काय ते सांगून टाकलेलं बरं, कारण परतवाड्याच्या रस्त्यानं मोटार चालली होती तेव्हा गुरुजींच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

एकोणतीस साली अकोटला त्यांच्या घरातलं लग्न होतं. लग्न उरकल्यावर रामरावांनी पाहुण्यांना नरनाळा दाखवायला नेलं. बायका पायथ्याच्या गावात बाजार करत थांबल्या, पुरुष आणि पोरं वर गेली. वामन तेव्हा अकरा वर्षांचा. त्याच्या गळ्यात त्याची धाकटी बहीण, सुभी. सुभद्रा तिचं नाव, पण सहा वर्षांच्या पोरीला कोण सुभद्रा म्हणतं? ती सारखी पाणी पाणी करत होती. इतर पोरं नऊ गजांची तोफ बघायला पळाली होती, आणि वामनला कडेवर बहीण घेऊन पळता येईना.

त्यानं तिला देवडीतल्या ओट्यावर बसवलं, पार मागं, म्हणजे ती उतरणार नाही.

"बस इथं. हालू नको. पानी आनतो."

तो तोफ बघायला गेला. तोफेवर बसला, पोरांनी त्याला ढकललं, त्यानं पोरांना ढकललं. मग रामरावांची हाक आली. "अमरावती?" "आले." "मूर्तिजापूर?" "आले." दिवस कलला होता, उतार सोपा म्हणून मंडळी दुसऱ्याच दरवाज्यानं उतरली. घरच्या पोरांचं नाव कोणी घेत नव्हतं, ती मागून येतातच. अर्ध्या उतारावर वामनच्या लक्षात आलं. कोणी तरी घेतली असेल कडेवर, त्याला वाटलं. मग वाटलं नाही तसं, पण बापाला सांगायची छाती झाली नाही.

खाली आईनं विचारलं, "सुभी?"

"इथंच होती," तो म्हणाला. "बाजारात. माह्या हातातून सुटली."

तीन दिवस बाजार, रस्ते, मळे, विहिरी धुंडाळल्या. गळ टाकले. गडावर कोणी गेलं नाही; कशाला जाईल? दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं तरी चाललं असतं. तिसऱ्या दिवशीही कदाचित. मग सांगायचं राहूनच गेलं. बाप मेला, त्यालाही कळलं नाही. आणि गोष्टीतला भाऊ तरी कसा, तर शूर! लढता लढता पडला, म्हणून आला नाही. वामनरावांना स्वतःची किळस आली. मागच्या सीटवर आई खिडकीबाहेर बघत बसली होती, मांडीवर तांब्या.

४

चिखलदऱ्याला थंडी मरणाची. सकाळी धुकं फाटलं तशी मंडळी गाविलगडावर गेली. गुरुजी पुढं पुढं चालत, दरवाजे, बुरूज, तलाव भराभरा सांगत होते. देवडीपाशी थांबायचंच नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पण मनकर्णाबाईंचा गुडघा दुखायला लागला आणि त्या नेमक्या तिथंच बसल्या. पुंजाजींनी उंबऱ्यावर पाणी ओतलं.

गुरुजी आत गेले. जायचं नव्हतं, पण पाय गेले. मागच्या कोपऱ्यात धुळीत तीच जागा. दीड वीत, लख्ख.

त्यांनी वाकून बघितलं. ओट्याच्या पुढच्या अंगाला, खाली, लहान पोरं पाय हलवत बसली की टाचा लागतात तिथं, दगड घासून उजळ झाला होता. दोन जागी. आणि डाव्या जागेभोवती बारीक बारीक पांढरे ओरखडे होते, चांदी दगडाला लागून उठतात तसे. उजव्या बाजूला एकही नव्हता.

शेळ्या, ते मनात म्हणाले. शेळ्या चढतात ओट्यावर. खुरांच्या खुणा.

"दुसरीचा फासा तुटला होता," मागून आई म्हणाली.

गुरुजी सरळ झाले. गोदाबाई आत येऊन उभी होती. ती पुढं आली आणि त्या ओरखड्यांवरून तिनं बोट फिरवलं, सावकाश, एकेक.

"उजव्या पायातल्या तोरडीचा. लग्नाच्या घाईत म्या ती सोनाराकडं टाकली. एकच घालून गेलती." तिनं बोट पदराला पुसलं. "दिवाळीत पुंजाजी आपल्या घरी आले होते जागा धराले. तू नव्हता. बसल्या बसल्या मले गोष्ट सांगत होते. लय मन लावून सांगतात. एकाच पायात तोरडी म्हने."

"लोक काईही जोडतात, माय."

"हो. जोडतात." तिनं त्यांच्याकडं बघितलं. "वामन्या, बाजारात होती ना ती?"

बाहेर मनकर्णाबाई गुडघा चोळत कोणाला तरी हसत होत्या. नत्थुजी चिवड्याचा डबा उघडत होता. एका शब्दाचं काम होतं. तेहतीस वर्षं अडकलेला तो एक शब्द बाहेर टाकायला याहून बरी जागा मिळाली नसती.

"हो," गुरुजी म्हणाले. "बाजारातच होती."

गोदाबाईनं तांब्याची फिरकी उघडली, ओट्याच्या त्या लख्ख जागेजवळ पाणी ठेवलं, आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. निघताना तिनं तांब्या उचलला तेव्हा तो हलका झाला होता की काय, हे गुरुजींनी तिला विचारलं नाही.

५

रेल्वेनं मंडळी मुंबईला पोचली. आगबोटीत सगळ्यांना बोट लागली, पुंजाजींच्या मिशा उतरल्या, मनकर्णाबाईंनी देवाला आणि गुरुजींना सारख्याच शिव्या घातल्या. गोदाबाई मात्र कठड्याला टेकून पाण्याकडं बघत होती. गुरुजी दोनदा तिच्यापाशी जाऊन उभे राहिले. दोनदा म्हणाले, "थंडी वाजते का, माय?" आणि परत आले. तिसऱ्यांदा सांगू, त्यांनी ठरवलं. किल्ला बघून झाला की सांगू.

बेटावरचा किल्ला किनाऱ्यापासून फार लांब नव्हता, पण तिथं राहत कोणी नव्हतं. सकाळी शिडाच्या होडीतून मंडळी निघाली. नाखवानं आधीच बजावलं, "दुपारच्या आत परतायचं. ओहोटी लागली का होडी खडकावर बसते. मी थांबणार नाही." पायऱ्या पाण्यातून थेट दरवाज्यात चढत होत्या. किल्ल्याला तो एकच दरवाजा. आत शिरलं की डाव्या हाताला देवडी.

गुरुजी या किल्ल्यावर आयुष्यात पहिल्यांदा येत होते. ही गोष्ट त्यांनी इथं कधी कोणाला सांगितली नव्हती. इथं कोणी पाणी ओतलं नव्हतं. तरी त्यांनी आत डोकावलं. ओट्यावर खाऱ्या वाऱ्यानं आणलेली वाळू होती, पातळ थर, सगळीकडं सारखा. मागचा कोपरा सोडून.

मंडळी आत येऊन पायऱ्यांवर, उंबऱ्यावर बसली. "गुरुजी, गोष्ट," कोणी तरी म्हणालं, सवयीनं.

"आज मी सांगते," गोदाबाई म्हणाली.

ती उंबऱ्यावर बसली आणि पुंजाजींकडं बघत, धान्य निवडताना बोलावं तशा आवाजात सांगू लागली. "पोट्टी सहा वर्षांची होती. तहानेली होती. भावानं तिले बसवलं. पन भाऊ काई लढाले गेला नाई. तो तोफ पाहाले गेला. तोफीवर बसला, खेळला, अन् भुलला. मंग दुसऱ्या दरवाज्यानं घरी गेला. मायले म्हने बाजारात हरवली. मायनं बाजार पाहिला, विहिरी पाहिल्या. पोट्टी वरतं बसून राहिली. तिले सांगतलं होतं ना बसाले."

मनकर्णाबाई म्हणाल्या, "बाई गं. ही तर जास्तच वाईट हाय."

"हो," गोदाबाई म्हणाली. "वाईटच हाय."

कोणाला काही कळलं नाही. बुढीनं गोष्टीला नवं वळण दिलं, एवढंच. पुंजाजी तर खूश झाले. तोफेचं आणि दुसऱ्या दरवाज्याचं आईला कोणी सांगितलं, हे फक्त एका माणसाला विचारावंसं वाटत होतं, आणि तो भिंत धरून उभा होता.

"तुमी जा वरतं," आई त्यांना म्हणाली. "मी इथं बसते. माह्यानं चढवत नाई."

आणि गुरुजी गेले. तिथं तिच्या पायाशी बसायचं सोडून गेले. तटावर फिरले, गोड्या पाण्याची विहीर दाखवली, खाऱ्या समुद्रात गोडं पाणी कसं ते समजावून सांगितलं. बुरुजावर मोठी तोफ होती. तिच्यावर हात ठेवून ते लांबी सांगत होते, वजन सांगत होते, आणि आपण काय करतो आहोत हे ध्यानात येऊन मधेच थांबले. तेवढ्यात खालून नाखवाची ओरड सुरू झाली. पाणी उतरायला लागलं होतं.

मग एकच धांदल. सगळे दरवाज्यातून पायऱ्यांकडं पळाले. गुरुजी देवडीपुढून गेले ते मान खाली घालून. आत बघायची त्यांची हिंमत नव्हती. होडीपाशी उभं राहून त्यांनी नावं घेतली. तेल्हारा, आले. धामणगाव, आले. रिद्धपूर, आले. नत्थुजी चढला, मागून गुरुजी चढले. होडी सुटली.

शंभर हात गेल्यावर पुंजाजी म्हणाले, "गुरुजी, बुढी कुठी हाय?"

६

नाखवा शिव्या देत होडी वळवून परत पायऱ्यांना लागला. "पाव तास. वर एक मिनिट नाही."

गुरुजी एकटेच उतरले. सगळे थांबले होडीत. भर दुपारचं ऊन होतं, दरवाज्याच्या आत डोळ्यांना क्षणभर अंधारी आली. मग देवडी दिसायला लागली. उंबऱ्यावर उन्हाचा पट्टा पडला होता. आत ओट्यावर गोदाबाई बसली होती, मागच्या कोपऱ्याला खेटून, पण कोपरा मोकळा सोडून. हातात तांब्या नव्हता.

"माय, चाल. होडी थांबली हाय."

"बस जरासक."

"वेळ नाई, माय."

"वेळ नाई," तिनं तेच म्हटलं. "बस."

गुरुजी बसले. आणि मग तेहतीस वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते आपोआप निघालं, एकेक शब्द, तोतऱ्या पोरासारखं. "माय, ती बाजारात नव्हती. म्या तिले गडावर..."

"ठाऊक हाय. तिनं सांगतलं."

"कोनं?"

गोदाबाईनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. किती वर्षांनी. गुरुजींना रडू फुटलं, आणि त्या रडण्यातही त्यांचं डोकं चालूच होतं. म्हातारीला ऊन लागलं आहे. दोन दिवस नीट जेवली नाही. तांब्या कुठं विसरली असेल.

"तांब्या कुठी, माय?"

"पानी आनाले नेला. इथं गोड्या पान्याची विहीर हाय म्हने. मले तहान लागलती, तं म्हने मी आनते." ती उठली, लुगडं झटकलं. "लहान हाय. हळू हळू येईल. मी खाली जाते."

"मी पन येतो."

"नाई." तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. तिच्या हातात जोर होता. "बस इथं. हालू नको. पानी येते."

गुरुजी बसून राहिले. हे शब्द त्यांनी गोष्टीत कधी घातले नव्हते. झोपेतसुद्धा कधी कोणाला सांगितले नव्हते. ते ऐकणारं एकच माणूस होतं.

आई उन्हाचा पट्टा ओलांडून गेली. मागं बघितलं नाही. पायऱ्यांवर तिची पावलं वाजली, मग होडीतला गलका, मग नत्थुजीचा आवाज. गुरुजी वर आहेत म्हणून त्यांचं काम तो करत होता.

"तेल्हारा?"

"आले."

"धामणगाव?"

"आले."

"रिद्धपूर?"

"आले."

नाखवा काही तरी खेकसला. मग गोदाबाईचा आवाज, स्वच्छ, घरातल्या बाईचा. "सारे आले. चाला. घरचं मानूस मागून येते."

वामनराव अर्धे उठले. दार सात पावलांवर होतं, पाणी आणखी पंधरा. हाक मारली असती तरी ऐकू गेली असती. त्यांनी तोंडही उघडलं.

तेव्हा आतल्या अंगानं, विहिरीच्या बाजूनं, पाऊल वाजलं. घुंगराचं एक. मग एक मुकं. मग घुंगराचं. पळत नव्हतं कोणी. भरलेलं भांडं दोन्ही हातांनी धरून, न सांडता, लेकरू चालतं तसं चालणं होतं ते. मधे थांबलं. पाणी हिंदकळलं. परत निघालं.

खाली वल्ही पाण्यात पडली. उठ, त्यांचं डोकं त्यांना सांगत होतं. अजून वेळ आहे, उठ, हा वाऱ्याचा आवाज आहे, दगडांत वारा घुमतो. आणि त्यांना एकच गोष्ट सुचत होती. ती पाणी घेऊन आली आणि इथं कोणी नसलं तर?

ते बसले.

उंबऱ्यावरच्या उन्हात आधी दोन थेंब पडले. मग उन्हात तांब्याचं तोंड आलं, काठोकाठ भरलेलं, थरथरणारं, आणि त्याला दोन्हीकडून धरलेली बोटं. बोटं फार लहान होती.

वामनराव भिंतीपासून थोडे सरकले. मागच्या कोपऱ्यात तिची जागा होती, ती त्यांनी मोकळी करून दिली.